पपईचा एक्स-रे

सारंगखेड्यात आमच्या आप्पांवर एक विनोद आहे. बारा वर्षांचा झाला, पण यात्रेच्या दिवसांत दर साली तो नव्यानं सांगितला जातो. सुकलाल पाटील सुरतला घोडा आणायला गेला, सात महिने राहिला, आणि आला कोणाला घेऊन? बायकोला! झाला विनोद. म्हणजे जी बायको सोबत नेली तीच परत आणली. घोडा नाही, शिंगरू नाही, साधा लगामसुद्धा नाही. हा विनोद शेजारच्या लोटनकाकांच्या मालकीचा. ते सांगतात आणि स्वतःच मांडीवर थाप मारतात. आप्पा मिशीवरून हात फिरवतात. मीसुद्धा पंधरा वर्षांची असताना हा विनोद शाळेत सांगून भाव खाल्ला होता. हे आत्ताच कबूल करून टाकते.

सुकलाल आप्पा माझे थोरले काका. वय एकाहत्तर, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. वर्षाचे अकरा महिने ते केळी-पपई लावणारे साधे शेतकरी असतात. पण मार्गशीर्षात दत्ताची यात्रा भरली, तापीकाठच्या मैदानात घोडे उतरायला लागले, की आप्पा टोपी बदलतात आणि पारखी होतात. घेणारा त्यांना हात धरून नेतो. विकणारा त्यांना लांबून बघूनच चहा मागवतो.

त्यांची पद्धत ठरलेली. घोड्याकडे समोरून बघायचंच नाही, समोरून सगळेच घोडे छान दिसतात. आधी डावी बाजू, मग उजवी, मग पुन्हा डावी. मग घोडा पाठमोरा चालवून बघायचा. अंगावरच्या केसांचे भोवरे मोजायचे, कारण चुकीच्या जागी भोवरा म्हणजे खोड. आणि शेवटी अंगठ्याला थुंकी लावून घोड्याचं कपाळ घासायचं. यात्रेत रंगवलेली जनावरंही येतात ना! एकदा एका व्यापाऱ्यानं तांबड्या घोडीला कपाळावर पांढरा टिळा काढून आणलं होतं. आप्पांनी पाणी मागितलं, अर्धं प्यायले, उरलेलं घोडीच्या कपाळावर ओतलं. टिळा वाहत नाकापर्यंत आला. व्यापारी म्हणाला, घर सुटतंय म्हणून रडतेय हो बिचारी. आप्पांनी आपल्या उपरण्यानं तिचं नाक पुसलं आणि पुढच्या घोड्याकडे गेले.

आता माझं. मी चेतना. पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते. काय काम करतेस, असं कोणी विचारलं की माझं डोकंच फिरतं, कारण उत्तर सरळ आहे आणि सांगायची सोय नाही. बायकांच्या छातीचा एक्स-रे काढतात, त्याला मॅमोग्राफी म्हणतात. कर्करोगाची बारीक गाठ हाताला लागायच्या आधी कित्येकदा त्यात दिसते. आता नवं मशीन आलं तर ते गाठ पकडतंय की नाही हे तपासायला तर हवं. पण एकाच बाईला शंभर वेळा एक्स-रेखाली उभं करता येत नाही, माणूस आहे ती. म्हणून मी संगणकात बाई बनवते. सबंध नाही, तेवढ्यापुरतीच. चरबी किती, दुधाच्या ग्रंथी किती, नळ्या कुठून कुठे जातात, कातडी किती जाड, सगळं आकड्यांनी ठरवायचं. मग तिच्यावर संगणकातच एक्स-रे सोडायचा आणि फोटो काढायचा. गाठ मीच ठेवलेली असते, त्यामुळे ती कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक. मशीन चुकलं की लगेच सापडतं, आणि कोणाला काही दुखत नाही. पुण्यात हे मी चारचौघांत खणखणीत सांगते. सारंगखेड्यात तोंड उघडलं की जीभ टाळ्याला चिकटते.

तर गेल्या वर्षी माझी तीन वर्षांची मेहनत पणाला लागली होती. परीक्षा अशी असते की खऱ्या बायकांचे नाव-गाव काढून टाकलेले फोटो आणि माझे खोटे फोटो, सगळे मिसळून तीन डॉक्टरांपुढे ठेवायचे. कोणता खरा, कोणता खोटा, ते त्यांनी सांगायचं. त्यांना ओळखता आलं नाही तर मी पास. अंदाजपंचे बोलले तरी शंभरातले पन्नास बरोबर येणारच. माझ्या वेळी त्यांनी शंभरातले एक्क्याण्णव बरोबर सांगितले. कसं ओळखलं, तर तिघांचं एकच उत्तर, काहीतरी खटकतं. अरे, काय खटकतं ते सांगा ना! ते नाही सांगता येत म्हणे. आमच्या विभागप्रमुख रिना मॅडमनी दुसरी आणि शेवटची संधी फेब्रुवारीत दिली. त्यात नापास झाले तर माझा प्रकल्प बंद, आणि मी गुडघ्यांच्या विभागात. गुडघ्यांशी माझं वैर नाही, पण तीन वर्षं एखाद्या गोष्टीवर जीव लावल्यावर तिथून उठून गुडघ्यांवर जायचं, ह्या विचारानंच मला रडू यायचं.

त्यातच डिसेंबरात मी स्कूटरवरून पडले आणि पाय मोडून घेतला. सहा आठवड्यांचं प्लास्टर. आईवडील सुरतला भावाकडे वहिनीच्या बाळंतपणाला गेलेले. मग आप्पा आणि धनुबाई काकू, जिला आम्ही सगळे जिजी म्हणतो, ह्यांनी मला लॅपटॉप आणि दोन पडद्यांसकट उचलून आणलं आणि पुढच्या खोलीत खाटेवर बसवलं. जिजी म्हणजे घरातली तिखट बाजू. पोलक्यात डावीकडे तिची कापडाची एक जाड पुरचुंडी असते, तीत कोठीपासून कपाटापर्यंत साऱ्या किल्ल्या. किल्ली मागायला गेलं की आधी बोलणी खायची, मग किल्ली मिळते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दोन्ही पडदे लावून बसले होते. डाव्या पडद्यावर एक डावी, उजव्या पडद्यावर एक उजवी, दोन्ही वीतभर मोठ्या. आणि आप्पा चहाची बशी घेऊन आत आले. प्लास्टरमुळे मला उठता येईना, पडदा झाकायला जवळ टॉवेलही नाही. आप्पा बशी हातात धरून बघत राहिले.

"काय शे हाई?" त्यांनी विचारलं.

खिडकीतून अंगणातलं पपईचं क्रेट दिसत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, पपई. पपईचा एक्स-रे आहे आप्पा. आतून कशी आहे ते संगणकावर बघतात. आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, एकदा क्रेटकडे. मग विचारलं, कोणतं वाण. मी म्हटलं, नवीन आहे. बरं, असं म्हणून त्यांनी बशीतला चहा संपवला आणि गेले. मी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं पपई पिकवणाऱ्या माणसाला मी ही थाप मारली होती.

दुसऱ्या दिवशी यात्रेतून आले ते थेट माझ्या खोलीत. स्टूल ओढून बसले. म्हणाले, दाखव तुझ्या पपया. आता नाही कसं म्हणणार? मी एकेक फोटो पुढे सरकवत गेले, आणि त्यांनी आपल्या नेहमीच्या सवयीनं बोलायला सुरुवात केली. ही खरी. ही खरी. ही खोटी. ही खोटी. मी यादी काढून ताडून बघितलं. विसातले एकोणीस बरोबर. मी म्हटलं आप्पा, खरं-खोटं असं काही मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. त्यावर म्हणाले, यात्रेत मला कोणी सांगतं का?

मग काय, रोज चार वाजता आप्पा हजर. एक फोटो त्यांना फार संशयास्पद वाटला. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि माझ्या पडद्यावर घासली. पुण्याच्या संस्थेचा पडदा तो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार इतक्यात म्हणाले, रंग पक्का आहे. एकदा तर एका फोटोला म्हणाले, जरा चालाडीसन दखाड. पपई चालते का हो आप्पा, मी विचारलं. चालत नाही तर मग तिची खोड कळणार कशी, हे त्यांचं उत्तर.

पण कसं ओळखता हे सांगताना तेही डॉक्टरांसारखेच अडले. दोन दिवस नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, एकेक नको, जोडीनं लाव. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. लावल्या. त्यांनी आपलं डावी, उजवी, पुन्हा डावी असं केलं आणि बोट ठेवलं. माझ्या खोट्या जोडीतली उजवी म्हणजे डावीच होती, आरशात बघितल्यासारखी. डावीत जी नळी जशी वळली तशीच उजवीत वळली होती. खरं सांगायचं तर हे मी मुद्दामच केलं होतं. एक बनवायला संगणकाला चौदा तास लागतात. मग दुसरी कशाला बनवा, तीच उलटी करून टाका, असा माझा शहाणपणा.

"आशी जोडी देव करत नही," आप्पा म्हणाले.

घोड्याचे दोन कान एकसारखे नसतात, दोन डोळे नसतात, आणि जो व्यापारी दोन्ही बाजू सारख्या दाखवतो त्याच्या हातात ब्रश असतोच, असं त्यांचं म्हणणं. दोन पदव्या घेऊन जे दिसलं नाही ते चौथी शिकलेल्या माणसानं स्टुलावर बसून दाखवलं. राग आला, आनंद झाला, पुन्हा राग आला.

दुसरी खोड त्यांनी आठवड्यानं काढली. आता पुण्यातले बरेच संगणक एकदम लावून सगळ्या जोड्या मी वेगवेगळ्या बनवल्या होत्या, तरी आप्पा ओळखतच होते. म्हणाले, तुझ्या पपया फार शहाण्यासारख्या बसल्यात. खऱ्यांना कोपऱ्यात चुणी पडली आहे, एखादी वाकडी सरकली आहे. "तुन्ह्याले कोनी धरेल नही, दाबेल नही." आणि मग पडद्यावरच्या एका खऱ्या फोटोकडे बघून हळूच म्हणाले, "दुखनं व्हई तिले."

मला वाटलं, घोड्यांशी बोलता बोलता आता पपयांशीही बोलायला लागले. पण मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. मॅमोग्राफीत छाती दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, बाई अवघडते, खांदा वर घेते, कातडीला घडी पडते. माझ्या संगणकातल्या बाया मात्र अगदी आज्ञाधारक. दाबलं की गपगुमान सपाट. मी कामाला लागले. बायांना अवघडायला शिकवलं.

इकडे वेगळंच लचांड उभं राहिलं. एक दिवस लोटनकाका खिडकीशी आले आणि आत डोकावले. पडद्यावर काय ते त्यांना दिसलंच. आप्पांनी स्टुलावरूनच खड्या आवाजात सांगितलं, पपईचा एक्स-रे आहे, पोरीचा शोध आहे, आत या. इतक्या मोठ्यानं बोलताना मी आप्पांना कधी ऐकलं नव्हतं. लोटनकाका आत आले नाहीत. ते धावत घरी गेले आणि सहा पपया घेऊन आले.

म्हणे ह्यांचा काढ. व्यापाऱ्याचा ट्रक परवा येतोय, तोडणी आज करू की उद्या ते सांग. मी म्हटलं काका, असा नाही निघत. ते म्हणाले, सुकलालच्या पपयांचा निघतो आणि आमच्यांचा नाही? आता काय करावं? मी एक पपई उचलली, पडद्यापुढे धरली, एक बटण दाबलं आणि म्हटलं, उद्या तोडा. त्यांनी दुसऱ्या दिवशी तोडणी केली, ट्रक वेळेवर आला, माल सगळा चांगला निघाला. संपलं. त्या दिवसापासून माझ्या खाटेपुढे रांग.

शहाद्याकडचे दोघे पपया घेऊन आले. लोटनकाकांची बायको कमलबाई लाल भोपळा घेऊन आली आणि त्यात अळी आहे का विचारायला लागली. नवापूरहून एक पोल्ट्रीवाला मोटारसायकलवर तीस अंड्यांचा ट्रे बांधून आला, कोणत्या अंड्यात पिल्लू धरलंय ते सांगा म्हणे. यात्रेतला एक जण तर गाभण घोडी घेऊन दारात उभा. पोटातलं शिंगरू नर आहे की मादी, तेवढंच बघा ताई. मी खाटेवरून ओरडले की हे घोड्याचं मशीन नाही! तो अगदी समजूतदारपणे म्हणाला, बरं, मग उभी धरू की आडवी? जिजीनं शेवटी झाडू उचलला तेव्हा घोडी आणि मालक दोघेही गेले.

जे येत ते नमुना म्हणून पपई ठेवून जात. घरात पपईची भाजी झाली, पपईची कोशिंबीर झाली, पपईचा हलवा झाला. जिजीनं पपईचं थालीपीठ लावलं तेव्हा मी हात जोडले. जिजी दिवसभर सगळ्यांवर तोंड टाकायची, पण एक गोष्ट मला तेव्हाच लक्षात यायला हवी होती. पडद्याकडे ती कधीच बघायची नाही. चहा द्यायला आली तरी पाठ करून उभी राहायची.

जानेवारीच्या शेवटी प्लास्टर निघालं. नवे फोटो तयार झाले. पुण्याला पाठवण्याआधी मी आप्पांची परीक्षा घेतली, पन्नास फोटोंची. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तासभर बघितलं. पन्नासातले सव्वीस बरोबर. मी दोनदा मोजलं. पास होणारा आकडा होता तो, पण आप्पांचा चेहरा पडला. यात्रेत चाळीस वर्षांत त्यांना कोणी फसवलं नव्हतं. टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "आते तू पक्की व्यापारी व्हयनी."

निकाल फेब्रुवारीत, एका दुपारी आला. नेट ओट्यावर चांगलं येतं म्हणून मी तिथं लॅपटॉप घेऊन बसले होते. आप्पा दोरी वळत होते, जिजी तूर निवडत होती, आणि लोटनकाका नेहमीप्रमाणे एक पपई घेऊन आपला नंबर लावून बसले होते. रिना मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. कॉल घ्यायच्या घाईत मला आवाज बारीक करायचं सुचलंच नाही. मॅडमचा आवाज मूळचाच वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"चेतना, अभिनंदन! शंभरात फक्त बावन्न! तिन्ही डॉक्टरांना तुझे खोटे स्तन ओळखता आले नाहीत!"

मॅडम पुढे बोलतच होत्या. उजवा आणि डावा वेगळा केलास ते फार छान झालं, दाबल्यावरच्या घड्या तर अगदी खऱ्या, कर्करोगाच्या गाठीसुद्धा सुरेख बसल्यात. मी कसंबसं आभार मानून लॅपटॉप मिटला. लोटनकाकांनी हातातल्या पपईकडे बघितलं. मग ती हळूच खाली ठेवली, आणि वर आपलं उपरणं टाकलं.

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी लॅपटॉपसकट आत जावं. ज्याची तीन वर्षं वाट बघितली ते झालं होतं आणि मला मान वर करता येत नव्हती. दोन महिने मी म्हाताऱ्या काकांना काय दाखवत बसले होते, ते आता साऱ्या गावाला कळणार होतं. मी आप्पांना म्हटलं, आप्पा, माफ करा, मी खोटं बोलले. आप्पा दोरीच वळत राहिले.

बोलली ती जिजी. सुपातली तूर बाजूला सारून, लोटनकाकांकडे सरळ बघत.

"तशी गाठवाली एक मन्ही व्हती. डावी. बारा वरीस जायनात, सुरतले काढी टाकी."

मला आधी काही कळलंच नाही. मग जिजीचा हात पोलक्यातल्या किल्ल्यांच्या पुरचुंडीवर गेला आणि तिथंच राहिला, आणि सगळं एकदम कळलं. शाळेत असल्यापासून ती पुरचुंडी बघत होते मी. तिला किल्ल्या हव्या असतात म्हणून ती डावीकडे असते, असंच आम्हाला वाटायचं.

आप्पा उठून आत गेले. घोड्यांच्या कागदांची पत्र्याची पेटी आहे त्यांची, तिच्यातून एक मोठा पिवळा लिफाफा घेऊन आले. त्यात जुनी काळी फिल्म, कडांना बोटांचे ठसे. जिजीला गाठ लागली होती आणि तिनं ती चार महिने कोणाला सांगितली नव्हती, आप्पांनाही नाही. सांगितलं तेव्हा आप्पांनी तिला उचलून सुरतला नेलं. ऑपरेशन, मग औषधं, मग लाईट, म्हणजे किरणांचे उपचार. सात महिने धर्मशाळेत काढले. गावात काय सांगायचं, म्हणून घोडा घ्यायला जातोय म्हणाले. मधूनमधून आप्पा एका दिवसापुरते शेत बघायला गावी येत-जात. ही फिल्म ते सोबतच ठेवत आणि नवापूरला गाडी थांबली की खिडकीत उन्हाला धरून बघत बसत. शेजारचे विचारत, काय आहे हो. तर सांगत, घोड्याचा पाय आहे.

म्हणजे माझा पहिला फोटो बघूनच त्यांनी ओळखलं होतं. पोरगी लाजली, पपई म्हणाली, तर पपई. गावाला मोठ्यानं पपई सांगितलं तेही माझी थाप टिकावी म्हणून. मी विचारलं, आप्पा, मग रोज चार वाजता येऊन का बसत होता? त्यांनी फिल्म लिफाफ्यात घातली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही बेताचा झाला होता.

"चाळीस वरीस घोडास्न्या खोडी काढ्यात. घरनी एक माले वळखता उनी नही."

मी रडले. सरळ भोकाड पसरलं. जिजी म्हणाली, पास झालीस ना, मग रडतेस कशाला, आणि मला आत नेऊन पपईचा हलवा दिला. तो मी खाल्ला. त्या दिवशी जिजीनं विषसुद्धा दिलं असतं तर खाल्लं असतं.

पुढच्या सोमवारी लोटनकाकांनी कमलबाईला आणि गल्लीतल्या पाच बायकांना तपासणीसाठी नंदुरबारला नेण्यासाठी जीप ठरवली. बायकांना बजावलं की कोणी विचारलं तर सांगा, पपईचे भाव बघायला चाललोय. जिजी पुढच्या सीटवर बसली होती. नाक्यावर कोणीतरी विचारलंच, कुठं निघाली वरात. जिजीनं काचेतून डोकं बाहेर काढून सांगितलं, छातीचा फोटो काढायला, तुझ्या बायकोला पाठव. सहाच्या सहा जणी ठणठणीत निघाल्या. येताना त्यांनी नंदुरबारात भजी खाल्ली.

यंदाच्या यात्रेत मी मुद्दाम आले होते. चहाच्या टपरीवर लोटनकाका भोवती माणसं जमवून बसले होते, आणि राजस्थानकडच्या एका व्यापाऱ्यानं आप्पांकडे बोट दाखवून विचारलं, हा म्हातारा कोण? लोटनकाका सवयीनं सुरू झाले. हा सुकलाल पाटील. हा सुरतला घोडा आणायला गेला, सात महिने राहिला, आणि आला कोणाला घेऊन? मी उठायच्या बेतात होते. लोटनकाका थांबले. हात मांडीकडे गेला होता, तो तसाच राहिला.

"बायकोला," ते म्हणाले. "जिवंत."

व्यापाऱ्याला कळेना की हसायचं की नाही. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला, अंगठ्याला थुंकी लावली आणि समोरच्या घोड्याच्या कपाळाकडे वळले.